सरमेचा प्रश्न आणि मोगऱ्याचं आळं

मे महिन्यातली दुपार. घरची माणसं कामावर गेलेली. परसात मोगऱ्याच्या आळ्यात कुत्रा पुढच्या दोन्ही पायांनी माती उपसतोय, ती मागच्या पायांमधून उडून थेट वाळत घातलेल्या चादरीवर पडतेय. मुळं उघडी पडली आहेत. खड्डा अंगाच्या मापाचा झाला की स्वारी त्यात दोन-तीन गिरक्या घेते, पोट मातीला टेकवते आणि डोळे मिटते.

संध्याकाळी फाटक वाजतं. मालकांना आधी चादर दिसते, मग आळं, आणि पायातली चप्पल हातात येते. कुत्रा कान पाडून, शेपूट पोटाखाली घेऊन भिंतीला चिकटतो. नजर चुकवतो. ‘बघा, चोराच्या मनात चांदणं! बरोबर कळतं त्याला काय केलंय ते.’

कळतं का? कळत असेल तर तो अपराधी आणि चप्पल म्हणजे शिक्षा. कळत नसेल तर चप्पल म्हणजे नुसता मार. मोगऱ्याचं रोप सत्तर-ऐंशी रुपयांना पुन्हा मिळतं. हा प्रश्न मात्र तेवढ्यात मिटत नाही.

अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकी संशोधक बाईंनी २००९ साली त्या ओशाळ्या चेहऱ्याचीच परीक्षा घेतली. चौदा कुत्री, त्यांचे मालक आणि थोडा खाऊ. ‘खायचं नाही’ असं बजावून मालकाने खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर कुत्र्याने काय केलं ते त्याला सांगितलं जाई, पण कधी खरं, कधी साफ खोटं. निष्कर्ष मालकमंडळींना न रुचणारा होता. चेहरा ओशाळा होतो की नाही, हे कुत्र्याने खाल्लं की नाही यावर ठरतच नव्हतं. मालक रागावला की नाही यावर ठरत होतं. खाऊ न खाता नुसतीच बोलणी खाल्लेली कुत्री तर सगळ्यात जास्त ओशाळलेली दिसली. भिंतीला चिकटलेला कुत्रा खड्ड्यामुळे नव्हे, समोरच्या चपलेमुळे तसा दिसत असतो. चांदणं असलंच तर मालकाच्या डोळ्यांत आहे.

आपल्याकडच्या मीमांसकांनी, म्हणजे वेदांतल्या विधींचा अर्थ लावणाऱ्या पंडितांनी, हा विषय वेगळ्या वाटेने गाठला होता. जैमिनीच्या सूत्रांत सहावा अध्याय अधिकाराचा आहे: यज्ञ करायचा अधिकार कोणाला? सुख हवं असणाऱ्या प्रत्येकाला, असं म्हटलं तर सुख पशूंनाही हवंच असतं. या सूत्रांवरच्या शबरस्वामींच्या भाष्यात पूर्वपक्षाची, म्हणजे आक्षेपाची, बाजू मांडणारा एक झकास पुरावा पुढे करतो. कुत्री चतुर्दशीला उपास करताना दिसतात आणि ससाणे अष्टमीला. म्हणजे त्यांनाही धर्म कळतो की! त्याला उत्तर देणारा सिद्धान्ती या पुराव्याला फार भाव देत नाही. दुखणंबिखणं असेल म्हणून खात नसतील, तिथी पाहून नव्हे. पशू वेद शिकत नाहीत, कर्माचं पुढे मिळणारं फळ त्यांना ठाऊक नाही, तेव्हा त्यांना विधी लागू नाही. (याच अध्यायात पुढे शूद्रांनाही अधिकार नाकारला आहे. त्यामुळे ‘अधिकार’ हा शब्द इथून उचलताना जरा हात धुऊनच उचलावा लागतो.)

पण कुत्र्यापुरतं बोलायचं तर या उत्तराला एक शेपूट आहे. ज्याला विधी नाही त्याला निषेधही नाही. पशूंची ती भोगयोनी, नवं पाप-पुण्य त्यांच्या खात्यावर चढत नाही, असं आपली परंपरा मानते. मग ‘आळं उकरू नये’ हा नियम मोडल्याचं पाप कुत्र्याला लागणार कसं? नियम ज्याने केला त्याच्यापाशीच तो राहतो.

महाभारताच्या आरंभीच, आदिपर्वात, एक मार खाल्लेलं कुत्रं आहे. परीक्षिताचा मुलगा जनमेजय कुरुक्षेत्रावर सत्र करत असतो. तिथे सरमा या देवांच्या कुत्रीचं पिल्लू येतं आणि जनमेजयाचे भाऊ त्याला बडवून काढतात. ते रडत आईकडे जातं. आई आधी काय म्हणते? तूच काहीतरी केलं असशील! कुठल्याही मराठी आईने म्हटलं असतं तेच. पिल्लू सांगतं की त्याने हविर्द्रव्य चाटलं नाही, त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग सरमा यज्ञमंडपात जाऊन विचारते, याला का मारलंत? कोणी उत्तर देत नाही. ती शाप देते की ध्यानीमनी नसलेलं भय तुमच्यावर येईल. त्या शापाचं निवारण करणारा पुरोहित शोधत जनमेजयाला वणवण करावी लागते. कुत्र्याच्या पिल्लाला मारल्याची चूक राजाला यज्ञ करून धुता आली असती. पण तो तर यज्ञातच बसला होता.

इथे वाचक अडवेल: त्या पिल्लाने काही केलं नव्हतं, आमच्याने आळं उकरलंय, पुरावा चादरीवर आहे. खरं आहे. आपलं प्रकरण म्हणूनच सरमेच्या प्रकरणापेक्षा अवघड आहे. इथे कर्ता आहे पण अपराधी नाही.

म्हणून उकरू द्यावं का? ‘स्वभावाला औषध नाही’ म्हणून हात झटकणं हाही आळशीपणाच. कुंपणाखालून बोगदा काढून कुत्रा रस्त्यावर गेला आणि गाडीखाली आला, तर त्याला कोणी अहिंसा म्हणणार नाही. शिवाय स्वभाव म्हणजे तरी काय? हौसेने आणलेल्या डॅशहुंडचं नावच जर्मन भाषेत ‘बिज्जूचा कुत्रा’ असं आहे. बिज्जूच्या बिळात घुसावं म्हणून माणसानेच पिढ्यान्‌पिढ्या निवडून त्याचे पाय आखूड केले. टेरियर हे नाव मातीच्या लॅटिन शब्दावरून आलं. म्हणजे उकरण्याचं काम आपणच दिलं आणि आता उकरतो म्हणून चप्पलही आपणच उचलतो.

गावठी कुत्र्याचीही कारणं साधी असतात. उन्हाळ्यात खालची माती गार असते. गाभण कुत्री पिल्लांसाठी जागा करते. कुंपणालगत घुशीचं बीळ असतं. हाड पुरून ठेवायचं असतं. किंवा दिवसभर काही उद्योगच नसतो, आणि हे शेवटचं कारण आपल्याला वाटतं त्याहून बरंच जास्त वेळा खरं असतं. यांतल्या कशावरही चप्पल हा इलाज नाही. खड्ड्यात लाल तिखट टाकण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो, पण नाकावर जगणाऱ्या प्राण्याशी हे दुष्टपणाचं वागणं झालं. डांबरगोळ्या तर कुत्र्याला विषारीच.

राहता राहिली साखळी. ती आळं वाचवते आणि पुष्कळ घरांत तिलाच ‘शिस्त’ म्हणतात. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचं अकरावं कलम मात्र तिला वेगळं नाव देतं. आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं, हाही मालकाचा गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड दहा ते पन्नास रुपये. मोगऱ्याच्या रोपाहूनही स्वस्त!

चालतं ते असं. परसाचा एक सावलीतला कोपरा त्याचा करायचा, तिथे दोन-चार घमेली वाळू टाकायची, तिच्यात हाड किंवा चेंडू अर्धवट पुरायचा आणि तिथे उकरलं की शाबासकी द्यायची. आळ्यात मातीखाली कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी, तिची टोकं आत वळवून, म्हणजे पंजा फाटणार नाही. सकाळ-संध्याकाळ दमवणारी फेरी. उकरताना सापडलाच तर हाक मारून वाळूकडे न्यायचं; तासाभराने सापडलेल्या खड्ड्याबद्दल काहीही बोलायचं नाही. हे चार दिवसांत होत नाही, आणि एखादा मोगरा तोवर जातोच.

आज घरी गेल्यावर परसात ताजा खड्डा दिसला, तर चप्पल पायातच असू द्या. वाकून खड्ड्याच्या तळाला हात लावा. माती गार लागेल. मग पाण्याचं भांडं बघा, दुपारपासून भरलेलं आहे का.