दाविदाची शिरगणती आणि डोंगरातले पाणी



गेल्या आठवड्यात दोन गोष्टी लागोपाठ आल्या. सोमवारी, २ फेब्रुवारीला, आपण प्रभूच्या समर्पणाचा सण साजरा केला. त्याच तारखेला जागतिक पाणथळ दिन असतो, कारण १९७१ साली इराणमधील रामसर ह्या गावी पाणथळ जागांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार त्या दिवशी झाला. आणि बुधवारच्या मिस्सामध्ये शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील चोविसावा अध्याय वाचला गेला. दाविद राजा प्रजेची शिरगणती करतो आणि देशावर मरी येते. मिस्सा संपल्यावर एका आजींनी आम्हांला दारातच गाठले. "फादर, माणसं मोजली त्यात एवढं पाप काय झालं? आपल्याकडे पण मोजायला येतात की!"

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. अरण्यात इस्राएल लोकांची गणती करण्याची आज्ञा तर स्वतः परमेश्वरानेच मोशेला दिली होती. मग दाविदाचे काय चुकले? निर्गमच्या तिसाव्या अध्यायात त्याचे थोडे उत्तर आहे. गणतीत आलेल्या प्रत्येकाने आपल्या जिवाबद्दल अर्धा शेकेल परमेश्वराला द्यायचा; श्रीमंताने जास्त नाही, गरिबाने कमी नाही. म्हणजे मोजा, पण ज्याला मोजता तो तुमचा नव्हे, हे मोजतानाच कबूल करा. दाविदाने तसे काही केले नाही. त्याचे लोक नऊ महिने वीस दिवस देशभर फिरले आणि आकडा आणला तो फक्त तलवार चालवणाऱ्यांचा. बाया, पोरे, म्हातारे त्यात नाहीतच. राजाला ज्यांचा उपयोग तेवढेच मोजले गेले. हे कशाला, असे विचारणारा यवाब हा एरवी काही मोठा संत नव्हता, पण इथे त्याला दिसले ते राजाला दिसले नाही.

हा विचार मनात घोळत असतानाच, पाणथळ दिनाच्या निमित्ताने, हिमालयातील पाण्याच्या मोजणीविषयी आम्ही वाचत होतो. इस्रोच्या अहमदाबाद येथील केंद्राने उपग्रहाच्या चित्रांवरून साऱ्या देशातील पाणथळ जागांचे नकाशे तयार केले आणि २०११ साली ते प्रसिद्ध झाले. त्यांत २,०१,५०३ पाणथळींच्या हद्दी काढल्या होत्या. तीन हजार मीटरच्या वर असलेल्या हिमालयातील सरोवरांची संख्या ४,६९९ भरली. जिथे माणूस वर्षातून चार महिनेच पोहोचू शकतो, अशा डोंगरांमधली ही तळी. बर्फाचे पाणी त्यांत आणि भोवतालच्या दलदलीत साठते आणि सावकाश खाली सुटते. लडाखमधील चांगपा मेंढपाळांच्या मेंढ्या-बकऱ्या त्या दलदलीच्या गवतावर जगतात, आणि काळ्या मानेचा क्रौंच आपले घरटे तिथेच बांधतो.

ही मोजणी व्यर्थ गेली नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या यादीवर बोट ठेवून दोन लाखांहून अधिक पाणथळींना संरक्षण दिले. डिसेंबर २०२४ मध्ये, नव्या नकाशांतील २,३१,१९५ जागांच्या हद्दी प्रत्यक्ष जागेवर जाऊन निश्चित करा, असा आदेशही दिला. मेंढपाळाने शंभर मेंढरे मोजलीच नसती, तर एक हरवल्याचे त्याला कळले असते का? मोजणे ही प्रेमाची पहिली पायरी असू शकते.

पण त्या नकाशाची एक मर्यादा आम्हांला अस्वस्थ करून गेली. नकाशाचे प्रमाण असे, की जमिनीवरचे पन्नास मीटर म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर. तीन मिलिमीटरांचा चौकोन, म्हणजे सव्वादोन हेक्टर, ही सर्वांत लहान जागा जिची हद्द काढता येते. त्याहून लहान पाणी असेल तर तिथे नुसते टिंब. देशभरात अशी ५,५५,५५७ टिंबे आहेत. हिमालयातील त्या सरोवरांपैकी निम्म्याहून अधिक टिंबेच आहेत. नकाशा काढणाऱ्यांचा ह्यात काही दोष नाही, त्यांनी टिंब तरी ठेवले. पण न्यायालयाचे संरक्षण हद्द असलेल्यांना मिळाले. आधीच्या, २०१० च्या नियमांत अडीच हजार मीटरच्या वरील, पाच हेक्टर वा त्याहून मोठ्या पाणथळींना आपोआप संरक्षण होते. २०१७ च्या नियमांत ते कलमही राहिले नाही. एका ओळीच्या अलीकडे असलेले वाचते, पलीकडचे वाचेलच असे नाही. आणि ओळ कुठे ओढायची हे पाणी ठरवत नाही.

संत थॉमस अक्वायनस ह्यांचे म्हणणे असे, की देवाचा चांगुलपणा एकाच प्राण्यात मावण्यासारखा नाही, म्हणून त्याने नाना तऱ्हेचे जीव निर्माण केले. एकात जे उणे ते दुसऱ्यात भरून निघावे. सेमिनरीत हे पाठ करताना आम्हांला त्यात विशेष काही वाटले नव्हते, परीक्षेपुरते ते होते. आता वाटते, की टिंबांविषयी बोलायला ह्याहून चांगली सुरुवात नाही. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात पाणथळ जागा बुजवून शेती केल्याने किती जीव नाहीसे होतात, ह्याचा मुद्दाम उल्लेख केला आहे. ते जीव आपल्या उपयोगाचे होते की नाही, हा त्यांचा पहिला प्रश्न नव्हता.

लडाखमध्येच त्सो मोरीरी नावाचे सरोवर आहे, सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर. त्याच्या काठी कोरझोक हे गाव आणि तिथला बौद्ध मठ. तेथील लोक ह्या सरोवराला पवित्र मानतात. २००० साली त्यांनी ते पृथ्वीसाठी एक पवित्र दान म्हणून अर्पण केले. रामसरच्या यादीत त्याचे नाव आले ते नंतर, २००२ साली. आधी दान, मग नोंद! आपले शास्त्र त्या लोकांनी वाचलेले नाही, पण तो अर्धा शेकेल त्यांनी न सांगता दिला.

दान दिल्याने सारे मिटले असे मात्र नाही. पर्यटक आले, तंबू आले, गाड्या गवतावर चढल्या, मोकाट कुत्री क्रौंचाच्या घरट्यांपर्यंत पोहोचली. आणि राखायचे म्हणून मेंढपाळांनाच हाकलले, तर ज्यांनी दिले त्यांच्यावरच अन्याय होईल. हे गणित सोपे नाही, आणि आम्हांला ते सुटले आहे असा आमचा दावाही नाही.

सव्वादोन हेक्टर म्हणजे साडेपाच एकर. आपल्या वसईतले कुठले बावखल एवढे मोठे आहे? आपली बावखले फार तर टिंबे. ख्रिस्तमंदिरामागचे बावखल निम्मे भरले तर सणाच्या दिवशी गाड्या लावायला जागा होईल, ही सूचना गेल्या वर्षी पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत आली, आणि तिला पहिला होकार आम्हीच दिला होता. तेव्हा आम्ही मोजणी केली होती. साठ गाड्या! आसपासच्या घरांच्या विहिरींना मे महिन्यात पाणी कुठून येते, हे आम्ही मोजले नव्हते.

कौन्सिलची पुढची बैठक ह्याच विषयावर आहे. त्याआधी, येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर, युवक मंडळाची मुले टेप घेऊन बावखलाची लांबी, रुंदी आणि खोली मोजणार आहेत. ज्यांच्या विहिरी त्या बाजूला आहेत त्यांनी कृपया थांबावे आणि उन्हाळ्यात विहिरीला किती हात पाणी राहते ते लिहून द्यावे. आजी, तुम्हीही या.