वाळ्याच्या पाण्यातला वास कोणाचा?

वाळ्याचे पाणी करायला विस्तव लागत नाही. गवताच्या या मुळांना माती चिकटलेली असते, म्हणून ती दोन-तीन पाण्यांनी धुवायची, जुडी बांधून किंवा पातळ फडक्यात गुंडाळून रात्री माठात सोडायची. सकाळी पाण्याला वास लागलेला असतो. लिंबाच्या चकत्या, पुदिना, तुळस, संत्र्याच्या फोडी यांचे पाणीही असेच होते. पुदिन्याची पाने तळहातावर किंचित चुरगळली की वास लवकर उतरतो. लिंबाच्या चकत्या मात्र फार वेळ राहिल्या तर सालीखालच्या पांढऱ्या भागाचा कडवटपणा पाण्यात येतो, म्हणून त्या लवकर काढाव्या लागतात. आयुर्वेदात थंड पाण्यात भिजवून केलेल्या अशा कल्पाला हिम म्हणतात आणि गरम पाणी ओतून केलेल्याला फांट. शार्ङ्गधरसंहितेने हिमाचे प्रमाण एक भाग कुटलेले द्रव्य, सहा भाग पाणी आणि रात्रभराचा वेळ असे दिले आहे. सुश्रुतसंहितेत तर पिण्याच्या पाण्याला नागकेशर, चाफा, कमळ, पाटला यांच्या फुलांनी सुवासिक करण्याची सूचना आहे.

जुडी काढली, पाणी गाळले, तरी वास उरतो. हा उरलेला वास कोणाचा? पाण्याचा म्हणावा तर काल संध्याकाळी तो पाण्यात नव्हता. वाळ्याचा म्हणावा तर वाळा आता माठात नाही. या प्रश्नावर भारतीय दर्शनांनी जितका काटेकोर विचार केला आहे तितका फार थोड्या घरगुती गोष्टींच्या वाट्याला आला असेल. त्याचे कारणही सबळ आहे. एका वस्तूचा गुण दुसरीला लागू शकतो का, या प्रश्नाच्या उत्तरावर आत्मा मलिन होतो का आणि झालाच तर स्वच्छ कसा होतो, हे ठरते.

वैशेषिक दर्शनाचे उत्तर सरळ आहे. गंध हा पृथ्वीचाच गुण. पाण्याला रूप आहे, रस आहे, शीत स्पर्श आहे, द्रवपणा आणि स्निग्धपणा आहे, गंध नाही. कणादांनी वैशेषिकसूत्रांत यासाठी फूल आणि वस्त्र यांचा दाखला घेतला आहे. फुलाशेजारी ठेवलेल्या कापडाला वास येतो, पण म्हणून कापडात नवा गुण जन्मला असे होत नाही. कापडाचा गंध त्याच्या धाग्यांतून यायला हवा, आणि हा वास तसा आलेला नाही. याच न्यायाने तापलेल्या पाण्याची उष्णताही ते पाण्याची मानत नाहीत. ती तेजाची, पाण्यात शिरलेल्या अग्निकणांची. पाणी स्वतः थंडच.

वैशेषिकांशी जुळलेल्या न्याय परंपरेतल्या, सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांनी तर्कसंग्रह या आपल्या ग्रंथावर स्वतःच लिहिलेल्या दीपिका टीकेत हाच प्रश्न पुन्हा उभा केला आहे. पृथ्वीचे लक्षण गंध, असे म्हटले तर सुवासिक पाणीही पृथ्वी ठरेल, त्याचे काय? त्यांचे उत्तर अन्वय-व्यतिरेकाचे आहे: पार्थिव द्रव्य मिसळले की वास येतो, न मिसळले की येत नाही, तेव्हा पाण्यात जो जाणवतो तो पृथ्वीचाच गंध. महाराष्ट्रात तर्कशास्त्र शिकणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या या छोट्या ग्रंथावर वाढल्या. आठल्ये आणि बोडस यांची 1897 सालची मुंबई संस्कृत ग्रंथमालेतली आवृत्ती आजही अभ्यासकांच्या हाताशी असते. अन्नंभट्टांची कसोटी कोणालाही घरी लावून पाहता येते. दोन भांड्यांत एकाच नळाचे पाणी भरायचे आणि एकातच वाळा घालायचा. नवा माठ वापरला तर मात्र घोटाळा होतो, कारण कोरी भाजलेली मातीच वास सोडते. अर्थात तोही पृथ्वीचाच, त्यामुळे नैयायिकाला त्याची अडचण वाटणार नाही.

विश्वनाथ पंचाननांची न्यायसिद्धान्तमुक्तावली ही याच काळातली. तिने प्रश्न गंधावरून रसाकडे नेला, आणि ती चर्चा फार सुंदर आहे. पाण्याचा स्वाभाविक रस मधुर, असे या परंपरेचे म्हणणे. प्रतिपक्षी विचारतो, याला प्रमाण काय? नुसते पाणी जिभेवर घेतले तर कोणतीच गोडी कळत नाही. नारळाचे पाणी गोड असते असे म्हणावे, तर ती गोडी आश्रयामुळे, म्हणजे ते ज्यात राहते त्या नारळामुळे आली असे म्हणता येईल. नाहीतर ईडलिंबाचा रस आंबट लागतो म्हणून पाणी आंबट, असेही मानावे लागेल. यावर विश्वनाथ हिरड्याकडे वळतात. हिरडा चावून वर पाणी प्यावे. ते गोड लागते. हिरडा इथे पाण्याला काही देत नाही, पाण्यात असलेली गोडी तो व्यक्त करतो. मग हिरड्यातच तोंडातल्या उष्णतेने नवा रस जन्मला, असे का म्हणू नये? कारण त्यासाठी जास्तीचे गृहीत धरावे लागते, आणि जिथे कमी गृहीत धरून भागते तिथे जास्त धरणे हा शास्त्रात दोष आहे.

आवळा खाऊन पाणी प्यायलेल्या प्रत्येक मराठी मुलाला हा अनुभव पाठ असतो. लिंबाचा आंबटपणा उसना आणि हिरड्यानंतरची गोडी पाण्याची स्वतःची, हा भेद करताना विश्वनाथांनी एकच निकष वापरला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. लिंबाच्या बाबतीत ‘मिसळले म्हणून आले’ आणि हिरड्याच्या बाबतीत ‘निमित्त मिळाले म्हणून दिसले’. मिसळणे आणि प्रकट करणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि फळापानांच्या पाण्यात दोन्ही घडू शकतात.

आधुनिक विज्ञान इथे अर्धा कौल नैयायिकांच्या बाजूने देते. लिंबाच्या सालीतले लिमोनिन, पुदिन्यातले मेन्थॉल हे बाष्पनशील पदार्थ पाण्यात अगदी थोडे विरघळतात. लिमोनिन तर एका लिटरमध्ये जेमतेम काही मिलिग्रॅम. तेवढेच रेणू हवेत सुटून नाकापर्यंत पोचतात. पाण्याच्या रेणूला वास नाही. ‘पार्थिव कण’ या शब्दाच्या जागी ‘विरघळलेले सेंद्रिय रेणू’ घातले की अन्नंभट्टांचे वाक्य जवळपास तसेच उभे राहते. गोडीबाबत मात्र विज्ञान प्रतिपक्ष्याच्या बाजूला झुकते. 1972 मध्ये लिंडा बार्टोशुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्टिचोक ही भाजी खाल्ल्यावर पाणी गोड लागते हे प्रयोगाने दाखवले. तिथे भाजीतले पदार्थ काही काळ जिभेची स्थितीच बदलतात. म्हणजे गोडी जिभेच्या बाजूने आली. पुदिन्याच्या थंडाव्याचेही तसेच. पाण्याचे तापमान तेच राहते, मेन्थॉल गारवा जाणणाऱ्या चेतातंतूंना उठवते. कणाद हा थंडावा पाण्याच्या स्वभावात टाकतील, पण इथे तो ना पाण्याचा ना पानाचा. तो भोगणाऱ्याच्या शरीरात घडतो. पाणी, वनस्पती आणि पिणारा अशा तीन जागा धराव्या लागतात, आणि जुन्या वादात तिसरी जागा पुरेशी मोजली गेली नाही.

एकाच भांड्यात संत्रे, आले आणि तुळस घातली तर काय होते? मुक्तावलीला हाही प्रश्न माहीत आहे. अनेक रंगांच्या धाग्यांच्या कापडाला ‘चित्र’ नावाचे एक स्वतंत्र रूप मानले जाते, कारण रूपच नसेल तर डोळ्यांना कापड दिसणारच नाही. रसाला आणि गंधाला ही सोय करण्याची गरज पडत नाही. जीभ आणि नाक द्रव्य पाहत नाहीत, गुणच पकडतात. म्हणून अवयवांचे रस वेगवेगळे जाणवले आणि संपूर्ण वस्तूला स्वतःचा रसच नाही असे मानले तरी काही बिघडत नाही. चवीची चांगली जाण असलेला माणूस अशा पाण्यातले आले वेगळे आणि तुळस वेगळी ओळखतो, तो या मताचा साक्षीदार म्हणावा.

सर्वांना हे मान्य नव्हते. जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राप्रमाणे पुद्गल, म्हणजे जड द्रव्य, म्हटला की त्याला स्पर्श, रस, गंध आणि वर्ण ही चारही असणारच. जैनांच्या मते पाण्यालाही गंध आहे, फक्त तो सूक्ष्म असल्याने कळत नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात जमिनीवरच्या शुद्ध पाण्याची लक्षणे देताना त्याला योग्य गंध, वर्ण आणि रस असावेत असे म्हटले आहे. धर्मशास्त्राला परमाणूंची चिंता नाही. गाईची तहान भागेल एवढे ओढ्याचे पाणी पिण्याजोगे आहे की नाही, एवढेच त्याला ठरवायचे आहे. ते पाणी प्रत्यक्षात कधीच मातीवेगळे नसते.

हा वाद आत्म्यापर्यंत पोचतो तो ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात. जीव अणूएवढा असेल तर सबंध देहात चैतन्य कसे जाणवते? सूत्रे दोन दाखले देतात: अंगावर एका जागी लावलेल्या चंदनाच्या थेंबाने सगळे अंग निवते, आणि गंध फुलाला सोडून दूर पसरतो. तसाच चैतन्य हा गुण जीवाच्या जागेपलीकडे पसरतो. रामानुजांना हा सिद्धान्त वाटतो. त्यांच्या मते ज्ञान हे दिव्याच्या प्रभेसारखे आहे, आत्म्याचा गुण असूनही स्वतः द्रव्य, म्हणून ते पसरू शकते. शंकराचार्य याला पूर्वपक्ष, म्हणजे खोडून काढायचे मत, ठरवतात. गुण द्रव्याला सोडून एक पाऊलही जाऊ शकत नाही. गेला तर तो गुणच राहणार नाही. गंध दूर जातो तेव्हा आश्रयासकटच जातो. या जागी त्यांनी व्यासांचे म्हणून जे वचन आधाराला घेतले आहे, त्याचा विषय नेमका सुवासिक पाणी हाच आहे: पाण्यात वास येतो म्हणून तो पाण्याचा म्हणणारे अजाण, तो पृथ्वीचाच, पाणी आणि वारा यांच्या आश्रयाला आलेला.

पण शंकराचार्यांनी गंधाबाबत हे मान्य केले की अद्वैताच्या आवडत्या दृष्टान्तापुढे एक अडचण उभी राहते. तो दृष्टान्त स्फटिकाचा. जास्वंदीचे फूल जवळ ठेवले की स्फटिक तांबडा दिसतो, फूल उचलले की त्याच क्षणी पूर्ववत होतो. आत्म्यावरचे कर्तेपण असेच, केवळ भासणारे. वाळ्याचे पाणी असे वागत नाही. जुडी काढून टाकली तरी वास जात नाही, कारण वाळ्याचा अंश खरोखर पाण्यात उतरला आहे. ऊर्ध्वपातनानेही तो सहजी सुटत नाही. कनौजचे अत्तरकार देग-भपक्यात वाळा घालतात तेव्हा वाफेबरोबरच वास वर चढतो. दोन्ही ठिकाणी गुण उसना आहे. एका ठिकाणी उसनेपणा ओळखला की काम संपते, दुसऱ्या ठिकाणी ओळखूनही पाणी सुवासिकच राहते. ‘उपाधी’ (आपला गुण दुसऱ्यावर चढवणारी वस्तू) हा एकच शब्द दोन्हींना लावल्याने हा फरक झाकला जातो, आणि वेदान्ताच्या प्राथमिक पुस्तकांत तो क्वचितच उघडा केलेला दिसतो.

जैनांनी पाण्याचाच मार्ग धरला. त्यांच्या मते कर्म हे पुद्गल आहे, सूक्ष्म जड कणांचे. दूध आणि पाणी मिसळावे तसे ते जीवाशी एकजीव होऊन बसते. म्हणून नुसते ज्ञान पुरत नाही. नव्या कणांचा ओघ थांबवणे हा संवर, आणि आत शिरलेले तपाने झडवणे ही निर्जरा. मोक्षाची साधने ठरतात ती मळाच्या स्वरूपावरून: भास असेल तर ज्ञान, कण असतील तर तप.

बौद्धांच्या योगाचार पंथाने तिसरी वाट काढली. असंगांनी महायानसंग्रहात फुलांबरोबर ठेवलेल्या तिळांचा दाखला दिला आहे. फुले वाळून नष्ट होतात, तरी तीळ सुगंधी राहतात. तिळांत फुलांचे तुकडे शिल्लक आहेत असे म्हणण्याची गरज नाही. दोघे एकत्र जन्मले आणि नाहीसे झाले, त्यामुळे पुढच्या प्रत्येक क्षणी तो सुवास उपजवण्याची शक्ती तिळांच्या प्रवाहात आली. कर्माची वासना, म्हणजे संस्कार, आलयविज्ञानात, म्हणजे चित्ताच्या साठवणीच्या थरात, अशीच राहते. स्थायी आत्मा न मानता कर्मफळ टिकवण्यासाठी हा दृष्टान्त त्यांना हवा होता. पण वास धरणाऱ्या वस्तूला त्यांनी अटीही घातल्या. ती टिकाऊ हवी, वास शिरू देणारी हवी, वास देणाऱ्याच्या सहवासात हवी, आणि तिचा स्वतःचा वास उग्र नसावा. ह्युएन त्संगने 659 मध्ये चिनी भाषेत सिद्ध केलेल्या विज्ञप्तिमात्रतेच्या ग्रंथात या अटींची सविस्तर मांडणी आहे. लसणाला किंवा चंदनाला दुसरा वास लावता येत नाही, आणि ठळकपणे चांगल्या किंवा ठळकपणे वाईट चित्तावर संस्कार उमटत नाहीत. म्हणून सर्व बीजे साठवणारे आलयविज्ञान ना कुशल ना अकुशल, तटस्थच मानावे लागते.