शिस्त आणि स्वामित्व

ज्याच्या हातीं दहा माणसांचें काम सोंपविलें आहे, त्यानें त्या माणसांच्या आयुष्याचा किती भाग आपला मानावा, हा प्रश्न जुना आहे. सेनापति, मठाधिपति, तालमींतला वस्ताद, या सर्वांपुढें तो केव्हांना केव्हां उभा राहिला आहे. तो उघड्या स्वरूपांत पाहावयाचा असेल तर इंग्लंडांतील व्यावसायिक फुटबॉलकडे पाहावें. तेथें हुकूम देणाराच्या यशापयशाचा निकाल हंगामांत दर आठवड्यास सहस्रावधि प्रेक्षकांसमक्ष लागतो. आणि म्हणूनच ‘जिंकला त्याचें बरोबर’ हा न्याय तेथें फार लवकर मान्यता पावतो. तो तपासून पाहण्याजोगा आहे.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, व्यवस्थापकाची सत्ता ही मुळांत एक सुधारणा होती. पूर्वीं संघाची निवड बहुधा क्लबाचे संचालक, म्हणजे खेळापेक्षां व्यापार अधिक जाणणारे गृहस्थ, करीत. हर्बर्ट चॅपमन हे १९२५ सालीं आर्सेनलचे व्यवस्थापक झाले, आणि १९३४ सालीं मृत्यु येईपर्यंत त्यांनीं हा अधिकार जाणत्या माणसाच्या हातीं असावा हें स्वतःच्या उदाहरणानें पटवून दिलें.

परंतु या सत्तेचा पाया केवळ ज्ञानाचा नव्हता. १८९३ पासून नियमच असा होता कीं, कराराची मुदत संपली तरी क्लबाच्या संमतीवांचून खेळाडूला लीगमधील दुसऱ्या क्लबाकडे जातां येत नसे. १९०१ मध्यें वेतनाची कमाल मर्यादा आठवड्यास ४ पौंड ठरली. ती वाढत वाढत २० पौंडांवर आली आणि १९६१ सालीं रद्द झाली. जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूनें न्यूकॅसल क्लबाविरुद्ध दावा लावला, तेव्हां १९६३ सालीं न्यायमूर्ति विल्बरफोर्स यांनीं हें बंधन माणसाच्या व्यवसायास अन्यायानें बाधक आहे असा निर्णय दिला. करार संपल्यावर यूरोपीय संघाच्या एका राष्ट्रांतून दुसऱ्यांत मूल्यावांचून जाण्याचा हक्क तर १९९५ च्या बॉस्मन खटल्यानंतरच मिळाला. जो निघून जाऊं शकत नाहीं, त्याच्या आज्ञाधारकपणास सद्गुण म्हणणें ही भाषेची फसवणूक होय.

कायद्याचा फांस सैल झाला तेव्हां नियंत्रणाचा भार व्यवस्थापकाच्या व्यक्तित्वावर आला. अ‍ॅलेक्स फर्ग्युसन हे १९८६ पासून २०१३ पर्यंत मँचेस्टर युनायटेडचे व्यवस्थापक होते. तेवढ्या काळांत क्लबानें १३ वेळां लीग जिंकली. स्वतःची पकड ढिली होऊं न देणें हें त्यांचें उघड तत्त्व होतें. २००३ सालीं बेकहॅम गेला. २००५ सालीं, सहकाऱ्यांवर टीका करणारी मुलाखत दिल्यानंतर, संघनायक रॉय कीन गेला. या पक्षाचें म्हणणें हलकें नाहीं. पंचविसांवर तरुण, हातीं अमाप पैसा, भोंवतीं स्तुतिपाठक. त्यांतून अकराच मैदानावर उतरणार. अशा ठिकाणीं एकास दिलेली सवलत हा इतर सर्वांवर अन्यायच ठरतो.

तथापि विजय हा या पद्धतीचा पुरावा मानतां येईल काय? आपला शब्द अखेरचा मानणारे ब्रायन क्लफ १९७४ मध्यें लीड्सला अवघे ४४ दिवस टिकले. त्यांनींच नॉटिंगहॅम फॉरेस्टला १९७९ व १९८० अशीं लागोपाठ दोन वर्षें यूरोपियन कप मिळवून दिला. आणि त्यांच्याच हाताखालीं तो संघ १९९३ मध्यें सर्वोच्च श्रेणींतून खालीं आला. उलट बाजूस ब्राझीलमधील कोरिन्थियन्स क्लबाचें उदाहरण आहे. देशावर लष्करी सत्ता असतां तेथें, स्वतः वैद्य असलेल्या सॉक्रेटीससारख्या खेळाडूंच्या पुढाकारानें, सामन्यापूर्वीं खेळाडूंना कोंडून ठेवण्याची रूढी चालूं ठेवावी कीं नाहीं असल्या गोष्टीसुद्धां मतदानानें ठरूं लागल्या. आणि त्या संघानें १९८२ व १९८३ अशीं दोन्ही वर्षें साओ पाउलो प्रांताचें अजिंक्यपद मिळविलें. हुकमानें जिंकतां येतें, हरतां येतें. मतानेंहि जिंकतां येतें. तेव्हां नीतीचा प्रश्न गुणफलकाकडे सोंपवून आपली सुटका नाहीं.

शिस्त व स्वामित्व यांतील भेद ओळखण्यास आम्हांस तीन खुणा दिसतात. आज्ञेचें कारण, ज्याला ती पाळावयाची त्याला सांगतां येतें काय? ती कामाच्या सीमेशीं थांबते काय? आणि तिला विरोध बोलून दाखविणारा उद्यां त्याच जागीं राहूं शकतो काय? पहाटे धांवावयास लावणारा वस्ताद या कसोटीस उतरतो. शिष्यानें कोणाशीं मैत्री करावी हें ठरविणारा उतरत नाहीं, मग त्याच्या आखाड्यानें कितीहि गदा जिंकोत. खेळाडूची कारकीर्द बहुधा पस्तिशीच्या आसपास संपते. पुढचें आयुष्य त्यास स्वतःच्या बुद्धीनेंच काढावयाचें असतें. लहानपणापासून ज्याचे सर्व निर्णय दुसऱ्यानें घेतले, त्याला विजयाच्या मोबदल्यांत नेमकी तीच बुद्धि गमवावी लागते.

आणि हा तोटा एका बाजूचाच नाहीं. यॉप स्टॅम या बचावपटूस २००१ सालीं विकणें ही चूक झाली, हें फर्ग्युसन यांनीं पुढें स्वतःच मान्य केलें. हा त्यांचा मोठेपणा खरा. पण ती चूक घडत असतांना ‘थांबा’ म्हणण्याचें बळ त्या क्लबांत कोणास उरलें होतें काय? ज्याच्यापुढें कोणी बोलत नाहीं, त्यास सत्य नेहमींच उशीरा कळतें.