आज नाही, रविवारी येते

ऑगस्ट आला की पुण्यातल्या कॉलेजांत पुरुषोत्तम करंडकाच्या तालमींना रंग चढतो. १९६३ पासून चालत आलेली ही एकांकिका स्पर्धा. भरत नाट्य मंदिरात प्रयोग, बाहेर पोरांच्या घोषणा, आणि त्याआधी किती तरी रात्री कॉलेजात चाललेली तालीम. नेमक्या याच दिवसांत कॉमर्सची काही मुलं सप्टेंबरच्या सीए इंटरची उजळणी करत असतात. सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, संध्याकाळी अभ्यासिका. अशाच एकीच्या फोनवर मेसेज येतो, ‘तालमीला येतेस ना? नुसती बघायला तरी ये.’ ती वाचते आणि फोन उलटा ठेवून देते. नाही म्हणायचं जिवावर येतं. हो म्हणावं, तर कॉस्टिंग राहतं. मग उत्तरच जात नाही.

मला वाटतं, एखाद्या तालमीला गेलं नाही म्हणून कुणी दुरावत नाही. उत्तर न आल्याने मात्र दुरावतं. तिकडे मित्रांना वाटतं, ही आता शिष्ट झाली. तीन-चारदा विचारून तेही विचारायचे थांबतात. इकडे ते न दिलेलं उत्तर पुस्तकाच्या पानावर येऊन बसतं. एकच गणित पुन्हा पुन्हा वाचलं जातं. ना धड अभ्यास, ना धड तालीम. फार तर ‘परीक्षा झाल्यावर नक्की भेटू’ असं लिहिलं जातं. पूर्वी त्याला थोडा तरी अर्थ होता. मे आणि नोव्हेंबर असे परीक्षेचे दोनच हंगाम असत. मध्ये मोकळा श्वास घेता येई. २०२४ पासून इंटरची परीक्षा वर्षातून तीनदा होऊ लागली. अटेम्प्ट हुकला तर पुढचा लवकर मिळतो, ही सोय खरीच. पण ‘परीक्षेनंतर’ नावाचा दिवस त्यात हरवला. पेपरांचा एक ग्रुप झाला की दुसरा, तो झाला की आर्टिकलशिपची उमेदवारी, मग फायनल. मित्रांनी वाट बघायची तरी कुठवर?

म्हणून नाही म्हणताना पुढचा दिवस सांगून टाकावा. ‘आज नाही जमणार. रविवारी सकाळी नऊला चहाला येते, साडेदहाला निघेन.’ एवढंच. यात निघायची वेळ सांगणं मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. ती आधीच सांगितली की उठताना कारणं द्यावी लागत नाहीत, ‘बस गं, पाचच मिनिटं’ असा आग्रहही फार ताणला जात नाही. शिवाय दीड तासच हाताशी आहे म्हटल्यावर फोन आपोआप पर्समध्ये राहतो आणि गप्पा मन लावून होतात. दिवसभर कट्ट्यावर बसून मनात टॅक्सेशन घोळवण्यापेक्षा हा दीड तास पुष्कळ बरा. सीएच्या परीक्षेचा नियम तर या मुलांना पाठच असतो: ग्रुपमध्ये सरासरी ५० टक्के हवेतच, पण प्रत्येक पेपरात किमान ४० सुद्धा हवेत. एका पेपरात नव्वद मिळवले म्हणून दुसऱ्यातले तीस माफ होत नाहीत. ऑगस्टमध्ये मैत्रीच्या पेपरात चाळीस मिळाले तरी पुरे आहेत. नव्वदांचा हट्ट मित्रही धरत नाहीत. त्या पेपराला बसलं मात्र पाहिजे.

आणि चाळीस मिळवायला फार काही लागत नाही. रोजच्या तालमी सुटल्या तरी प्रयोगाच्या दिवशी जाता येतं. एकांकिका संपायला फार तर तासभर लागतो. वाढदिवसाला रात्री बाराला केक कापायला नाही गेलं, तरी सकाळी कॉलेजला जाता जाता फोन करता येतो. हेच घरीही चालतं. आई ‘मावशीकडे येतेस का’ विचारते, तेव्हा पुस्तकातून मान वर न काढता ‘हं’ म्हणण्यापेक्षा ‘आज नको, गणपतीत जाऊ’ हे तिला जास्त आवडेल. (गणपती आणि सप्टेंबरचे पेपर पुष्कळदा हातात हात घालून येतात, तेव्हा दिवस जरा बघूनच सांगावा.) आज कामाला किंवा क्लासला निघण्याआधी फोनमध्ये डोकावलं, तर असा एखादा वाचून तसाच ठेवलेला मेसेज सापडेलही. त्याला उत्तर द्यायला बस येईपर्यंतचा वेळ पुरतो. उशिराबद्दल लांबलचक माफी मागायची गरज नाही, वार आणि वेळ लिहिली की झालं. आणि रविवारचं जमणार नाही असं दिसलं, तर तेही शनिवारीच कळवावं, पुढच्या रविवारची वेळ देऊन.