आधी इंजिन बंद करा

मामांनी जाताना माझ्या नावावर काय ठेवावं? तर १९६४ सालची, दोन आसनांची, उघड्या टपाची विलायती स्पोर्ट्स कार! तिच्यात बसताना माणूस साहेब दिसतो आणि उतरताना संधिवाताचा रोगी. गेल्या महिन्यात या बाईसाहेब गिअर बदलू देईनात. पहिला टाकताना दोन्ही हात लावावेसे वाटत आणि रिव्हर्सला असा करकराट होई की शेजारचे पेन्शनर हातातला पेपर खाली ठेवीत.

मी निदान करून मोकळा झालो: गिअरबॉक्स हट्टी आहे! हे निदान मला पाठच आहे. चिरंजीवांनी बँकेतली नोकरी सोडून तबल्याचे वर्ग काढले, तेव्हापासून मी ते घरातही वापरतो. सहा महिने झाले, आमच्यात ‘मीठ दे’च्या पलीकडे बोलणं नाही.

एका गॅरेजवाल्याने गिअरबॉक्स उतरवायला सांगितला. मला बरंच वाटलं. गुन्हेगाराला उघडा पाडायला कुणाला आवडत नाही?

पण नाना पेठेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी गाडीला हातही न लावता विचारलं, ‘‘साहेब, इंजिन बंद करून गिअर टाकून बघितले का?’’

नव्हते बघितले. बंद केलं, तर सगळे गिअर कसे निमूट पडले!

‘‘बंद गाडीतही दांडा अडला असता, तर त्याखालचे सांधे नि बुश बघितले असते,’’ मिस्त्री म्हणाले. ‘‘सकाळी गार असतानाच अडला असता, तर गिअर ऑइल घट्ट. एकच गिअर खरखरला असता, तर त्याची सिंक्रो रिंग झिजली. पण तुमचे सगळेच अडतात, आणि तेही चालू इंजिनला. म्हणजे क्लच पुरता सुटत नाही. इंजिन मागून रेटतंय आणि तुम्ही शिव्या देताय दांड्याला!’’

मग त्यांनी क्लचच्या डबीतलं ऑइल पाहिलं. भरलेलं होतं. सिलिंडर पाहिला. कोरडा ठणठणीत. शेवटी वाकून पेडलखाली हात घातला आणि बाहेर काढलं एक जाडजूड काथ्याचं पायपुसणं. शोभेसाठी मीच घातलेलं! महिनाभर पेडल तळापर्यंत जातच नव्हतं, आणि मी मात्र ‘पूर्ण दाबतोय’ अशी शपथ घ्यायला तयार होतो.

मिस्त्रींनी पैसे घेतले नाहीत. चहा घेतला.

अडतो तो दोषी, हा न्याय किती सोयीचा आहे पाहा! अडणारा आपल्या हातात असतो, अडवणारं आपल्याच पायाखाली. दर वेळी चूक आपलीच असते असं नाही म्हणत मी. बुश झिजतातही. पण ते कळायला आधी इंजिन बंद करावं लागतं.

रात्री चिरंजीव तबल्याला हातोडी लावत बसले होते. मी समोर जाऊन बसलो. तोंड उघडण्याआधी इंजिन बंद केलं.

खोटं कशाला सांगू? सवय नसल्यामुळे किल्ली सापडायला जरा वेळच लागला.