राग कोणाचा?

पंचेचाळिशीच्या सुमाराची एक सुगृहिणी माझ्या परिचयाची आहे. वीस वर्षें तिनें दिरा-नणंदांची व मुलाबाळांची उस्तवार हूं कीं चूं न करितां केली. आणि एके दिवशीं, आमटींत मीठ कमी पडलें एवढ्या शब्दावरून, तिनें हातांतली पळी फेकून दिली व ती ओक्साबोक्शीं रडूं लागली. घर चकित झालें. मागाहून डॉक्टरांनीं सांगितलें, 'वयाचा परिणाम आहे.' घरच्यांनीं सुटकेचा निःश्वास टाकिला. माझा प्रश्न या निःश्वासाविषयीं आहे.

डॉक्टरांचें म्हणणें खोटें नव्हे. सतत बारा महिने ऋतु न आला म्हणजे रजोनिवृत्ति झाली असें मानतात. पण तत्पूर्वीं कित्येक वर्षें बीजकोशांचें काम अनियमित चालतें. ईस्ट्रोजेन या काळांत संथपणें ओसरत नाहीं. तें कधीं पूर्वीहूनही चढतें, कधीं एकाएकीं उतरतें. प्रोजेस्टेरॉनपासून मेंदूंत जें शामक द्रव्य तयार होतें, त्याचाही पुरवठा डळमळतो. त्यांत रात्रीं घामानें अंग भिजून झोप मोडते. पूर्वीं विषादाचा आजार होऊन गेलेल्या स्त्रीला तो पुन्हां गाठण्याचा संभव या वर्षांत अधिक असतो. अर्थात् पुष्कळ जणी हा उंबरठा सहज ओलांडतात. एके काळीं उतारवयाचा विषाद हा स्वतंत्र रोगच मानीत. अमेरिकन मानसरोगतज्ज्ञांच्या अधिकृत यादींतून तो १९८० सालीं वगळला गेला.

परंतु कारण सांपडलें म्हणजे अर्थ संपला काय? रडतां रडतां ती म्हणाली होती, "'तूं जेवलीस का' असें वीस वर्षांत मला एकानेंही विचारिलें नाहीं." हें वाक्य खरें कीं खोटें, याचा निकाल रक्त तपासून लागणार नाहीं. तें आजच कां उच्चारलें गेलें, एवढेंच फार तर रक्त सांगेल. भूक हीही शरीराचीच अवस्था. पण उपाशी मनुष्य वांटणींतल्या अन्यायाविषयीं ओरडला, तर तें ओरडणें पोटांतल्या रसांचें म्हणून आपण बाजूस सारीत नाहीं. आणि घरचा कर्ता पुरुष कचेरींतून येऊन आदळआपट करितो, तेव्हां तर त्याच्या रागाचें कारणही कोणी शोधीत नाहीं. तो त्याचा हक्कच समजला जातो!

उलट बाजूही मला टाळतां येत नाहीं. त्याच भरांत ती थोरल्या मुलीला असें कांहीं बोलली कीं तें येथें लिहिण्याजोगें नाहीं, आणि दुसऱ्या दिवशीं म्हणाली, "ती मी नव्हतेंच." मग गाऱ्हाणें तेवढें तिचें आणि कटु शब्द मात्र ग्रंथींचे, अशी सोयीची वांटणी कशी करावयाची? मला वाटतें, दोन्ही तिचेंच मानावें. शरीराच्या त्रासामुळें दोष सौम्य होतो, क्षमा सुलभ होते. पण बोलणारी कोणी नव्हतीच असें म्हणणें म्हणजे तिला माणसांतून उठविणें होय.

तिनें उपचार घेतले, व ते घ्यावेतच. सोसण्यांत कांहीं पुण्य नाहीं. कांहीं महिन्यांनीं तिला झोप लागूं लागली, चेहऱ्यावरचा ताण गेला. एका दुपारीं तांदूळ निवडीत असतां तिनें तेंच वाक्य पुन्हां उच्चारिलें, अगदीं शांतपणें, मान वर न करितां. त्या वेळीं कोणाला डॉक्टरांची आठवण झाली नाहीं. नवऱ्यानें हातांतलें वर्तमानपत्र मिटलें, आणि तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं.