एक टाळी

गेल्या जुलैत आहुप्याजवळच्या रानात मी एक टाळी वाजवली. तिचा हिशेब अजून लागत नाही, म्हणून हे लिहितोय.

आहुपे म्हणजे आंबेगाव तालुक्याचं पश्चिम टोक. पुढे कडा आणि कड्याखाली कोकण. मी मंचरचा, म्हणजे त्याच तालुक्यातला, पण आमच्याकडे पाऊस बेताचा आणि तिकडे चार महिने धुकं. नोकरी हिंजवडीत. पहिल्या बोनसची मोठी लेन्स घेतली आणि डोक्यात सांबर शिरलं. शेकरूचे फोटो सगळ्यांकडेच असतात. भीमाशंकर अभयारण्य 1985 साली मुख्यतः त्याच्यासाठीच झालं आणि ते बिचारं झाडावर दिसतंही. पावसातलं सांबर मात्र माझ्या ओळखीत कुणाकडे नव्हतं.

कॉलेजच्या मित्राचे आजोबा तिथले. वय सत्तरीच्या पुढे, सगळे त्यांना बाबा म्हणतात. डोक्यावर घोंगडी, तिच्यावर प्लॅस्टिकचा कागद, हातात काठी. अभयारण्यात जायचं नाही, आपल्या मालकीच्या हिरड्यांच्या बाजूनेच फिरायचं, हे त्यांनी आधीच बजावलं.

मला वाटायचं, पावसात जनावर शोधणं अवघड. बाबा म्हणाले, अर्धं अवघड, अर्धं सोपं. दहा पावलांपलीकडे कारवीची भिंत आणि धुकं, म्हणजे डोळे बाद. पण पाचोळा ओला असल्यामुळे आपलं पाऊलही वाजत नाही. चिखलातल्या खुराच्या कडा धारदार असतील तर जनावर आत्ताच गेलंय, कारण पावसाची एक सर त्या कडा गोल करून टाकते. लेंड्या विरघळल्या नसतील तर ताज्या. सांबर डोळ्यांपेक्षा नाकावर जगतं, म्हणून वारा आपल्या तोंडावर हवा. कड्यावर वारा खालून वर येतो आणि मध्येच फिरतो, तेव्हा थांबायचं. आम्ही तीन तासांत जेमतेम एक किलोमीटर चाललो असू.

मग बाबा थांबले. काठीने कारवीकडे दाखवलं आणि कुजबुजले, "हाये तिथं. चला आता."

"कुठे? मला काही दिसत नाही."

"दिसायचं नाय. वास येतोय ना. लहान बी असंल संगती, पावसाच्या तोंडाला वितात. चला."

त्यांच्या लेखी शोध संपला होता. माझा सुरूही झाला नव्हता. मी कॅमेरा डोळ्याला लावून पाच मिनिटं उभा राहिलो. नंतर कॅमेरा गळ्यात सोडला आणि टाळी वाजवली.

कारवी फुटली. ओली, काळसर मादी उठली, कान पुढे, शेपूट ताठ, डोळे थेट माझ्यावर. मी कॅमेरा उचलून दोन फोटो घेतले. तिने एकदा जमिनीवर खूर आपटला, कानठळ्या बसतील असा आवाज दिला आणि उताराला लागली. पाडस होतं की नव्हतं ते दिसलंच नाही. बाबा काही बोलले नाहीत. परतताना मात्र ते माझ्या बरेच पुढे चालत होते.

रात्री फोनवर वन्यजीव संरक्षण कायदा उघडला. 1972 चा. त्यात शिकारीची व्याख्या आहे. मारणं तर शिकार आहेच, पण पकडणं, पाठलाग करणं, आमिष दाखवणं, हाकणं हेही शिकारच. आणि त्यांचा प्रयत्नसुद्धा. एका टाळीला कोर्ट हाका म्हणेल का, मला माहीत नाही. मला शिक्षेची भीती नव्हती, शब्द टोचला. मी स्वतःला रीड-ओन्ली समजत होतो.

ओर्तेगा इ गासेत या स्पॅनिश तत्त्वज्ञाने 1942 साली शिकारीवर लिहिलं, त्यात कॅमेऱ्याच्या शिकारीला नाक मुरडलंय. मारण्याची शक्यताच नसेल तर तो शोध खोटा, असा काहीसा त्याचा सूर. आधी वाचलं तेव्हा राग आला होता. आता तेवढा येत नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, वॉशिंग्टन-ओरेगॉनच्या असल्याच भिजक्या रानात, लोक परवाना काढून एल्क या थोराड हरणामागे जातात. माणूस म्हणतो, मला मांस हवंय. 1937 पासून तिथे बंदुका-काडतुसांवरच्या कराचे पैसे वन्यजीवांवर खर्च होतात. मला ते पटतं असं नाही. पण त्याला काय हवंय हे त्याला माहीत असतं. मला काय हवं होतं? तिने माझ्याकडे बघणं. आणि कान पुढे केलेलं, लेन्समध्ये रोखून बघणारं जनावर म्हणजे घाबरलेलं जनावर. आम्ही ज्याला जिवंत फोटो म्हणतो, तो बहुतेकदा तोच क्षण असतो.

बाबांना ऋषी करायचा मोह होतो, तो टाळतो. माग काढायला ते शिकले वडिलांकडून आणि वडील माग काढत होते ते खाण्यासाठी. भुकेतून आलेली विद्या कायद्याने गुन्हा ठरली आणि आता माझ्यासारख्याला दिवसाला पाचशे रुपयांत मिळते. माझी लेन्स त्यांच्या वर्षभराच्या हिरड्याहून महाग असेल. त्यांच्या वडिलांनी मारलेलं सांबर आणि मी उठवलेलं सांबर यांत माझं पाप लहान, हे उघड आहे. त्याची गरज मात्र त्याहून लहान होती, आणि हे गणित एका ओळीत बसवायला गेलो की बसत नाही.

त्या रात्री जेवायला खेकड्याचा रस्सा होता. खाचराच्या बांधावरून पोरांनी संध्याकाळी पकडून आणलेले. मी दोनदा घेतला. खेकड्यांबद्दल मनात एकही प्रश्न आला नाही.

झोपायच्या आधी बाबांना म्हटलं, "चुकलं माझं."

ते चुलीतलं लाकूड मागे ओढत होते. म्हणाले, "तिला सांगायचं व्हतं."

मग विचारलं, "फोटू बरा आलाय का?"

मी दाखवला. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला, बोटाने मोठा केला आणि मादीवर नाही, तिच्या मागच्या कारवीवर बराच वेळ थांबले.

"हे बघा," म्हणाले. "लहान हाये."

पानांमध्ये एक कान होता.